खंडेनवमीची नोंद

हे सांगायचं मी तेरा वर्षं टाळलं. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण विचारणारं कोणी नव्हतं. एकदा बायकोने विचारलं. तेव्हा मी ताटावरून उठलो, मोरीवर गेलो आणि बराच वेळ हात धूत राहिलो.

आता सत्तरी आली. गुडघे गेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. लिहायला बसलं की पाठ धरते. तरी लिहितो. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर सगळे नावावरच बोलत बसतील आणि मी सुटेन.

तिचं नाव इथे सुजाता लिहितो. तेही खरं नाही. तिला न विचारता तिचं नाव मी एकदा वापरलं आहे. पुन्हा वापरणार नाही.

खंडेनवमीची सकाळ होती. दहा वाजले असतील. कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर, अगदी टोकाला, सर्व्हर रूम. दाराला झेंडूचं तोरण लागलं होतं. खाली चपला काढून ठेवलेल्या. आत गुरुजी पाट मांडत होते. संस्थेचे सेक्रेटरी भाऊसाहेब सोवळं नेसून आले होते. प्रिन्सिपॉल, हेडक्लार्क, ऑफिसमधल्या दोन बाया. आणि मी, ताटात फुलं घेऊन.

सुजाता जिना चढून वर आली. चपला काढल्या. तिच्या हातात एक कागद होता. भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बाहेर थांबायला सांग. पूजेला घरचीच माणसं असू देत. आटोपली की येऊ दे."

हळू नाही बोलले. नेहमीच्या आवाजात बोलले. तिला ऐकू गेलं. तरी निरोप पोचवायचं काम माझ्यावर आलं. मी दारात गेलो.

"सुजाता, आत गर्दी होईल. तू बाहेर थांब."

तिने माझ्या खांद्यावरून आत बघितलं.

"किती जण आहेत, काका?"

"सहा. आणि मी."

"म्हणजे माझ्यानेच गर्दी होते."

तिने हातातला कागद मला दिला. काढलेल्या चपला परत पायात घातल्या. पॅसेजमध्ये खिडकीला टेकून उभी राहिली. ऑफिसमधल्या दोघी बाया आत होत्या, म्हणजे बाईमाणूस म्हणून तिला बाहेर ठेवलं नव्हतं. जात कोणी उच्चारली नाही. उच्चारायची गरज नव्हती. ती बौद्धवाडीतली आहे हे नेमणुकीच्या दिवशीच शिपायापासून सगळ्यांना माहीत झालं होतं.

ती सर्व्हर रूम तिनेच उभी केली होती. हे आधी सांगायला हवं होतं.

मी संस्थेत वायरमन म्हणून लागलो. पुढे लॅबमध्ये गेलो. नोकरीच्या वर्षांवरून संगणक कक्षाचा प्रमुख झालो. सुजाता माझ्या हाताखाली, कंत्राटावर. वय बत्तीस. तळ्याकडची. शिकलेली ती, प्रमुख मी. जुने पाच सर्व्हर रोज एकेक करून बंद पडायचे. तिने सांगून एक मोठा आणवला आणि पाचांचं काम त्या एकात बसवलं. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. लोखंडी पेटी एकच. तिच्या आत पाच मशीनं, पण हात लावून दाखवता येणार नाहीत अशी. निकालाचं, ग्रंथालयाचं, लॅबचं, ऑफिसचं, आणि पाचवं भाऊसाहेबांचं. प्रत्येक मशीन समजतं की आपण स्वतंत्र कॉम्प्युटर आहोत.

माझ्या डोक्यात ते शिरेना. जे हाताला लागत नाही ते मला खरं वाटत नाही.

"काका, तुमचं मिठागर होतं ना?" तिने एकदा विचारलं.

"आमचं नव्हतं. आम्ही त्यात राबत होतो."

"बरं, राबत होतात. खाडीचं पाणी एकच. बांधाच्या उघाडीतून आत घेता आणि वाफ्यावाफ्यात सोडता. बरोबर? एका वाफ्यात जास्त सोडलं तर?"

"दुसरा कोरडा पडतो. आणि ज्यात जास्त गेलं त्यातही मीठ धरत नाही."

ती हसली. "हे मला माहीत नव्हतं. मेमरी म्हणजे ते पाणी. पेटीत आहे तेवढंच आहे. कोणाला किती, हे आपण ठरवायचं."

मग तिने मला प्रत्येक मशीनचं सेटिंगचं पान दाखवलं. प्रोसेसर किती, मेमरी किती, हार्ड डिस्क किती, नेटवर्कचं कार्ड कोणतं. खऱ्या मशीनला स्क्रू काढून मेमरीची पट्टी बसवावी लागते. इथे नुसता आकडा बदलायचा. फक्त त्याआधी ते मशीन बंद करायचं. चालू मशीनचं हे सेटिंग आमच्याकडे बदलता येत नव्हतं. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला तिने हे सगळं न चिडता शिकवलं. तीन-तीनदा विचारलं तरी तिसऱ्यांदाही पहिल्यासारखंच सांगायची. माझ्या आयुष्यात मला असं शिकवणारं दुसरं कोणी भेटलं नाही.

आणि तिने एक वही घातली. लांब, लाल पुठ्ठ्याची. कोणत्याही मशीनचं काहीही बदललं की त्यात लिहायचं. तारीख, वेळ, मशीन, आधी काय होतं, आता काय केलं. शेवटी सही. सर्व्हरवर आमचा सगळ्यांचा लॉगिन एकच होता. वेगवेगळे द्यायला भाऊसाहेबांनी नाही म्हटलं होतं.

"कोणी केलं ते सर्व्हरला कळत नाही, काका," ती म्हणाली. "म्हणून वही. वही खोटं बोलत नाही."

मला सवय लागली. घरचा पंखा दुरुस्त केला तरी कुठे लिहू असं वाटायचं.

भाऊसाहेबांचा नियम होता की खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही. त्यांच्या वाडीवर त्या दिवशी कोयता, पंप, रहाटाचा जुना सांगाडा, सगळं धुऊन हळदकुंकू लावून ठेवायचे. तोच नियम सर्व्हरला. सकाळी सगळी मशीनं बंद करायची, पेटीला हार घालायचा, दसरा होईपर्यंत चालू करायची नाहीत. सुजाताला हे आधी पटलं नव्हतं. मग म्हणाली, "बंद होणारच आहेत तर मी सेटिंगची कामं त्याच दिवशी उरकते." वर्षभर साठलेले बारीकसारीक बदल तिने कागदावर लिहून काढले होते. ग्रंथालयाला थोडी मेमरी, लॅबला एक प्रोसेसर. निकालाच्या मशीनपुढे लाल पेनने लिहिलं होतं, 'हात लावू नये.'

तोच कागद तिने मला दारात दिला. ती बाहेर. मी आत.

त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. भाऊसाहेबांचं मशीन हळू चालत होतं. त्यावर संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाची चित्रफीत बनत होती. त्यांनी सुजाताला मेमरी वाढवायला सांगितलं. ती म्हणाली, "एवढी शिल्लक नाही, साहेब. निकालाच्या मशीनची काढावी लागेल, आणि परीक्षा तोंडावर आहेत. महिनाभर थांबूया." भाऊसाहेबांनी तिला उत्तर दिलं नाही. माझ्याकडे वळले.

"मिठागर, तिला सांग, मी विचारलं नव्हतं. सांगितलं होतं."

मला ते मिठागर म्हणायचे. नाव घेऊन नाही. "मिठागर, यूपीएस बघ." "मिठागर, पाहुण्यांना खुर्च्या लाव." सगळ्यांसमोर. मुलांसमोर. सगळे हसायचे, मीही हसायचो. सुजाता हसायची नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुम्ही ऐकून का घेता?" मी म्हटलं, "चालायचंच. माणूस वाईट नाही."

माणूस वाईट नाही. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल.

आठ-नऊ वर्षांचा असताना मी बापाबरोबर त्यांच्या वाडीवर मिठाची गोण घेऊन गेलो होतो. बापाच्या पायांना भेगा. त्या भेगांत मीठ बसून त्या पांढऱ्या झालेल्या. बाप गोण घेऊन ओट्यावर चढायला लागला तर भाऊसाहेबांचे वडील झोपाळ्यावरून म्हणाले, "खालीच ठेव रे. मीठ लादी खातं. आणि पाय पण खालीच ठेव." बापाने गोण खाली ठेवली. स्वतःही खालीच राहिला. पाणी मागितलं नाही. परतताना माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी मी ठरवलं होतं की एक दिवस मी या लोकांच्या ओट्यावर चढेन.

चढलो. पण चढून काय केलं, ते आता सांगतो.

गुरुजींची तयारी चालू होती. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून एकेक मशीन बंद केलं. सुजाताच्या कागदावरचे बदल केले. मग भाऊसाहेब मागून आले आणि हळूच म्हणाले, "आमचं पण करून टाक." मी निकालाच्या मशीनचं पान उघडलं. मेमरी सोळा होती, ती चार केली. भाऊसाहेबांच्या मशीनची चार होती, ती सोळा केली. त्यांना डिस्कवर जागाही हवी होती. निकालाच्या मशीनला दोन हार्ड डिस्क दिसल्या. लॅबच्या मशीनची दुसरी डिस्क रिकामी होती, म्हणून मला वाटलं सगळ्यांची दुसरी रिकामीच असते. वहीत बघितलं असतं तर कळलं असतं. दोन पानं मागे तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. मी बघितलं नाही. गुरुजी घंटा शोधत होते, भाऊसाहेब घाई करत होते. मी डिस्क काढली. नुसती काढायची की आतल्या फाइलींसकट पुसायची, असं स्क्रीनवर विचारलं. जागा हवी होती. फाइलींसकट म्हटलं.

आणि सवयीने वही ओढली. दहा चाळीस. निकाल. मेमरी सोळाची चार. डिस्क दोन पुसली. भाऊसाहेबांचं मशीन चारची सोळा. सही.

मग पूजा झाली. पेटीला कुंकू लागलं. नारळ बाहेर पॅसेजमध्ये फोडला, आत पाणी उडायला नको म्हणून. सुजाता चार हातांवर उभी होती. तिने सरकून जागा करून दिली. मी खोबऱ्याचे दोन तुकडे आणि पेढा कागदात बांधून तिला बाहेर नेऊन दिला. तिने घेतला. म्हणाली, "सगळं कागदाप्रमाणे केलंत ना, काका?"

मी म्हटलं, "हो."

दसऱ्यानंतर मशीनं चालू केली. निकालाचं मशीन वर यायलाच खूप वेळ लागला. आलं तर अंतर्गत गुण गायब. सगळ्या वर्गांचे. सुजाताने सेटिंगचं पान उघडलं आणि पाच मिनिटांत तिला कळलं. डिस्क नाही. मेमरी चार. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "वही द्या."

मी म्हटलं, "इथेच होती."

वही माझ्या पिशवीत होती. सकाळी मशीनं चालू करायच्या आधी मी सहज पानं चाळली होती आणि दुसऱ्या डिस्कवर काय आहे ते तेव्हा वाचलं होतं. वाचलं आणि वही पिशवीत टाकली. विचार करून नाही टाकली. हात गेला. पण काढली नाही, हे विचार करूनच.

जुनी प्रत होती. वेगळ्या ड्राइव्हवर. ती ड्राइव्ह भाऊसाहेबांच्या कपाटात, आणि कपाटाची चावी सुजाताला द्यायची नाही असा हुकूम. तिने दोनदा लेखी मागितली होती. कपाट उघडलं तेव्हा शेवटची प्रत गणपतीच्या आधीची निघाली. त्यानंतरचे सगळे गुण गेले. सगळ्या प्राध्यापकांना दिवाळीच्या सुट्टीत बसून उत्तरपत्रिका काढून गुण पुन्हा भरावे लागणार होते. स्टाफरूममध्ये एकच प्रश्न, कोणी केलं.

भाऊसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"तू केलंस?"

"तुम्हीच म्हणालात, साहेब."

"मी मेमरी म्हणालो. डिस्क पूस म्हणालो?"

नव्हते म्हणाले.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी तीस वर्षांत कधी केली नव्हती. समोरची खुर्ची स्वतः ओढली आणि म्हणाले, "बसा." बस नाही. बसा. आणि मला आडनावाने हाक मारली, मागे राव लावून.

"एक वर्ष राहिलंय तुमचं. मानाने निवृत्त व्हा. परवा चौकशीत एवढंच विचारतील, ती आत होती का. होती म्हणा. बाकी मी बघतो."

मी बसलो. खुर्ची मऊ होती. तिथेच सगळं ठरलं. त्यांनी धमकी दिली नाही, हात पिरगाळला नाही. एक खुर्ची दिली. मला वाटलं बाप ओट्यावर चढला.

तिला लिहून द्यायचा माफीनामाही मीच टाइप केला. 'माझ्याकडून अनवधानाने झालेल्या गंभीर चुकीबद्दल मी संस्थेची बिनशर्त माफी मागते.' दहा मिनिटं लागली.

चौकशी प्रिन्सिपॉलच्या खोलीत झाली. भाऊसाहेब, प्रिन्सिपॉल, हेडक्लार्क. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर सुजाता. तिला खुर्ची नव्हती.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे हा बदल खंडेनवमीला दहा चाळीसला झाला. बदलांची यादी तुझ्या अक्षरातली आहे."

"यादी माझी आहे. त्यात निकालाला हात लावू नये असं लिहिलंय. वाचा," ती म्हणाली. "आणि दहा चाळीसला मी बाहेर होते. पॅसेजमध्ये."

"बाहेर का असशील? खोली तुझ्याच ताब्यात असते."

"तेच मी विचारते. का होते ते सांगा कोणीतरी."

कोणी सांगेना. आत्ता लिहिताना हे फार साधं दिसतं. खोलीतल्या चारही माणसांना माहीत होतं की ती बाहेर होती. पण ती बाहेर होती असं म्हटलं की का होती तेही म्हणावं लागलं असतं, आणि ते कागदावर आलं असतं. त्यापेक्षा तिला आत घेणं सोपं होतं. ज्या खोलीत तिला पाऊल टाकू दिलं नाही, त्या खोलीत आम्ही तिला चौकशीपुरती घेतली.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "राव, तुम्ही होतात. ती आत होती ना?"

"होती."

एक शब्द. माझा आवाज नेहमीसारखा निघाला. त्याचंच मला आजही नवल वाटतं.

सुजाता माझ्याकडे वळली.

"मग प्रसादाचं खोबरं मला बाहेर का आणून दिलंत, काका?"

मी टेबलाकडे बघत राहिलो. काचेखाली जुनं वेळापत्रक होतं. मला त्यातला एकेक तास आठवतो.

"वही आणा," ती म्हणाली. "काकांना लिहायची सवय आहे. ते लिहिल्याशिवाय राहत नाहीत."

"वही सापडत नाही," मी म्हणालो. चौकशीतलं हे दुसरं खोटं.

हेडक्लार्कने माफीनामा पुढे सरकवला. सही कर, कंत्राट वाढवून देऊ, असं भाऊसाहेब म्हणाले. तिने कागद पूर्ण वाचला. मग उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उभ्या उभ्या लिहिलं. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. "खंडेनवमीला पूजेच्या वेळी मला सर्व्हर रूमच्या बाहेर उभं केलं होतं. आत न घेण्याचं कारण संस्थेने मला लेखी द्यावं." खाली सही. तारीख. वेळ. वहीत लिहायची तसंच.

भाऊसाहेब म्हणाले, "याचा अर्थ कळतो का तुला? नोकरी जाईल."

"जे केलं नाही त्याची माफी मी मागणार नाही," ती म्हणाली. "माझ्या आईने आयुष्यभर मागितली. न केलेल्याची. आमच्या घरातली ती रीत मी इथे मोडते."

गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. दार उघडलं आणि गेली. दार आपटलं नाही. नीट लावलं.

तो कागद मला फाडून टाकायला सांगितला. मी घडी करून वहीत ठेवला. का ते माहीत नाही. कदाचित तेवढंच काहीतरी शिल्लक राहिलं होतं माझ्यात.

पुढच्या वर्षी मी मानाने निवृत्त झालो. शाल, नारळ. भाषणात भाऊसाहेब म्हणाले, हा आमच्या घरचा माणूस. टाळ्या झाल्या. महिनाभराने काहीतरी कागद आणायला ऑफिसात गेलो तर पॅसेजमधून हाक आली. "काय मिठागर, बरं आहे ना?" राव तेवढ्या एका आठवड्यापुरता होता.

घरी बायकोला मी खंडेनवमीच्याच संध्याकाळी सांगितलं होतं, सुजाताला बाहेर उभं केलं म्हणून. वाईट वाटलं होतं, म्हणून सांगितलं होतं. चौकशीचं सांगितलं नाही. ते तिला गावातून कळलं. जेवताना तिने विचारलं.

"तुमीच बोललाव ना, ती भायेर व्हती? मंग आत कशी झाली?"

त्याच दिवशी मी हात धुवायला उठलो होतो. परत आलो तर ती तशीच बसून होती.

"मना नका सांगू," ती म्हणाली. "जिला सांगायचं हाय तिला जाऊन सांगा." त्यानंतर तिने पुन्हा हा विषय काढला नाही. बायकोला जाऊन आता चार वर्षं होतील.

सुजाता खाडीपलीकडे, दिघीच्या पुढे एका गावात वर्ग चालवते असं मला कळलं होतं. मी तीनदा गेलो. पहिल्यांदा आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत. फेरीबोट लागली, गाड्या उलट्या मागे घेत आत शिरत होत्या, मी बघत उभा राहिलो. बोट गेली. मी एसटीने परत आलो. दुसऱ्यांदा पलीकडे उतरलो, चहा घेतला, त्याच बोटीने परतलो. तिसऱ्यांदा तिच्या दारापर्यंत पोचलो. ही गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट.

शाळेची एक जुनी खोली. आठ कॉम्प्युटर. बायका, बोटीवर जाणारी पोरं, एक पांढऱ्या दाढीचे चाचा. ती फळ्यावर काहीतरी काढत होती. चौकोनात चौकोन. मला लगेच ओळखू आलं. वाफे काढत होती ती. मी बाहेरच उभा राहिलो.

तिने मान वळवली. केस अर्धे पिकलेत. क्षणभर बघत राहिली.

"काका? बाहेर का? आत या ना."

मी आत गेलो. तिने खुर्ची दिली. पाणी आणवलं. विद्यार्थ्यांना म्हणाली, "हे आमचे काका. एका वाफ्यात पाणी जास्त झालं की त्यातही मीठ धरत नाही, हे मला यांनी सांगितलं." चाचा हसले, म्हणाले, "बात बरोबर है."

वही माझ्या मांडीवर होती. कापडी पिशवीत. तीच द्यायला आलो होतो. मी गुडघ्यांबद्दल बोललो. बायको गेल्याचं सांगितलं. तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं, दिसत होतं. मग ती म्हणाली,

"काका, ती लाल वही कुठे गेली हो शेवटी?"

चिडून नाही. मला शिकवताना विचारायची तसं. तिसऱ्यांदाही पहिल्यासारखंच.

मी पिशवीवर हात ठेवला आणि म्हणालो, "माहीत नाही, बाई."

तिने मान हलवली. माझ्या हाताकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. पिशवीतून वहीचा लांबट आकार दिसत असणार. "बरं," म्हणाली. जेट्टीपर्यंत सोडायला एका पोराला गाडी काढायला सांगितली. मी नको म्हटलं. चालत आलो.

गेल्या आठवड्यात भाऊसाहेबांच्या मुलाचा फोन आला. भाऊसाहेब मागेच वारले, आता तोच सेक्रेटरी आहे. फार अदबीने बोलला. "काका, यंदा खंडेनवमीची पूजा तुमच्या हस्ते करायची असं ठरलंय. तुमचा मान आहे तो."

तीस वर्षं मी त्या पूजेत फुलांचं ताट धरलं. एकदा तरी पाटावर बसावं असं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

मी विचारलं, "आत कोण कोण असेल?"

"कोणी नाही हो. आपली घरचीच माणसं."

तेच शब्द. बापाचे मुलाकडे आलेले, वाडीसारखे.

"मग मी येत नाही."

"का, तब्येत?"

"तब्येत बरी आहे. निकालाची डिस्क मी पुसली होती. तुझ्या वडिलांच्या मशीनसाठी. ती बाई बाहेर उभी होती. ती आत होती असं मी सांगितलं."

मग म्हणाला, "जाऊ द्या ना, काका. बाबा गेले. जुनं उकरून आता कोणाचं भलं होणार?"

"भलं व्हावं म्हणून नाही सांगत. नोंद चुकीची आहे. दुरुस्त करायची."

फोन ठेवला. हलकं वगैरे काही वाटलं नाही. नुसता थकवा. तेरा वर्षांपूर्वी त्या केबिनमध्ये उभ्यानेच जे बोलायचं होतं ते मी माझ्या घरात खाटेवर बसून, ते ज्याच्याशी बोलायचं तो मेल्यावर, त्याच्या मुलाशी बोललो. याला धैर्य म्हणू नये.

आता करायचं ते एवढंच आहे. वहीतल्या त्या पानाच्या आणि तिच्या कागदाच्या प्रती काढून आणल्या आहेत. खंडेनवमीला मी कॉलेजात जाईन. आत जाणार नाही. पॅसेजमध्ये, त्याच खिडकीशी उभा राहीन, आणि येईल त्याच्या हातात एक प्रत देईन. घरच्या माणसाला आणि परक्यालाही. सोबत हे लिहिलेलंही, माझ्या सहीने. हाकलून दिलं तर फाटकावर उभा राहीन.

मूळ वही तिची आहे. ती घेऊन मी चौथ्यांदा आगरदांड्याला जाईन. या वेळी पिशवी नेणार नाही. वही हातात धरून नेईन, म्हणजे नाही म्हणायला जागा उरणार नाही.

तिने माफ करावं म्हणून नाही. ते मागायचा मला हक्क नाही आणि द्यायचं तिच्यावर बंधन नाही. तिच्या नावाने माफीनामा लिहायला मला दहा मिनिटं लागली होती. माझ्या नावाचा चार दिवस लिहितोय. बिनशर्त, अनवधानाने, गंभीर, सगळे शब्द खोडून झाले. राहिलं ते दोन ओळींचं. तिच्या खोलीत, तिने दिलेल्या खुर्चीवर बसून, तिने दिलेलं पाणी पिऊन जे माझ्या तोंडून निघालं नाही, ते एवढंच होतं:

तू बाहेर होतीस. आत मी होतो.